खुमीनं चुकवलेलं दार

पी खुमीचा आवाज आधी यायचा, खुमी मागून. वर चर्चच्या पायऱ्यांपाशी उभं राहून तिनं "मूठ आणा गं बायांनो, मूठ!" अशी हाळी दिली की डोंगरउताराच्या पार खालच्या घरातली बाईसुद्धा चुलीपुढून उठून डबा हातात घ्यायची. थोरल्या बाईला आमच्याकडे 'पी' म्हणतात. पण खुमीला तिच्यापेक्षा मोठ्या बायकाही पी म्हणत, कारण ती त्यांनाही सोडत नसे.

सव्वीस वर्षं तिनं हे काम केलं. दर सोमवारी दुपारी, कपाळावरून पट्टा, पाठीवर वेताची टोपली, गालात सुपारी. आमच्या लुंगत्लांग गावात असं एक भांडं नव्हतं ज्याचं झाकण तिनं उचलून पाहिलं नव्हतं. मोहरीचा पाला शिजत असला तर मीठ कमी पडलंय हे ती न विचारता सांगायची. कुणाचा डबा हलका लागला की दारातच सुरू व्हायची, "हे काय गं? ही मूठ आहे की चिमूट? तुझा नवरा काय चिमटीनं जेवतो?" बाई हसायची, ओशाळायची, आणि पुढच्या सोमवारी डबा जड लागायचा.

रीत जुनी आहे आणि अगदी साधी. भात टाकायला तांदूळ मापून घेतला की त्यातला मूठभर काढून मुठीच्या डब्यात टाकायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. आई शेतावर असली तर पोरीनं काढायचा, पोर चार वर्षांची असली तर चार वर्षांच्या हाताची मूठ, तीही मूठच. तो तांदूळ सोमवारी गोळा होतो, मंगळवारी चर्चच्या ओसरीवर विकला जातो, आणि त्यावर दूरदूरच्या मुलखांत आमचे मिशनरी जगतात. साऱ्या डोंगराळ मुलखात हेच चालतं. आमच्या आज्यांनी केलं, आयांनी केलं, आम्हीही करतो. यात कुणी फार मोठं काही करतंय असं कुणाला वाटत नाही.

विकत घेणाऱ्याला मात्र तो तांदूळ ओळखू येतो. एका घरचा जाडा, दुसऱ्या घरचा बारीक, तिसऱ्याचा गेल्या सालचा. शिजवला की काही शितं विरघळून जातात नि काही दाताखाली कचकच करतात. म्हणून तो बाजारापेक्षा स्वस्त, आणि म्हणून तो नेणारी घरं गरिबाची.

खुमीला या कामाचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. दोन वर्षांपूर्वी वेली रजेवर आली, तेव्हापासून तर विचारूच नका. वेली म्हणजे आमच्याच गावची नर्स, कंबोडियात कुठल्याशा नदीवर राहणाऱ्या लोकांत काम करते. तिनं चर्चमध्ये सांगितलं, की तिथल्या एका म्हातारीनं तिला विचारलं, "पोरी, तुला इथं पोसतं कोण? तुझं सरकार?" वेली म्हणाली, "नाही हो. आमच्या गावच्या बायका भात टाकताना तुमच्यासाठी एक मूठ कमी टाकतात." म्हातारी म्हणाली, "मला न बघताच?"

ही गोष्ट खुमीनं पुढं दोन वर्षं दारोदार सांगितली. शेवटी शेवटी तर ती "मला न..." म्हणाली की बायकाच "बघताच!" म्हणून मोकळ्या होत.

आता लियानीची गोष्ट. लियानी गावाच्या खालच्या टोकाला राहायची. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. त्या साली पेरणीच्या दिवसांत उतारावरून घसरून तिचा उजवा खांदा निखळला, शेत अर्धं पेरायचंच राहिलं, आणि कापणीला धान्य काय आलं ते एका फेरीत घरी आलं. तिचं पोट सडकेच्या कडेला पालेभाजी नि बांबूचे कोंब विकून चालायचं. अशात ऑक्टोबरात तिची पोरगी रेमी ऐझॉलहून परत आली, ती चार वर्षांच्या पोरीला हाताशी धरून. लग्नाचा पत्ता नव्हता. पोरीचा बाप कोण, हे रेमीनं कुणाला सांगितलं नाही आणि लियानीनंही विचारलं नाही.

चर्चच्या वडीलधाऱ्यांनी बसून रेमीचं नाव सहा महिने सभासदांच्या यादीतून बाजूला ठेवलं. अशा वेळी कुणाचंही नाव असंच निघतं, मग परत लागतं, यात जगबुडी काही नाही. पण लियानी मानी बाई. ती मान खाली घालून चालायला लागली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खुमी जेवायला बसली होती आणि चुलीपलीकडे तिचा नवरा, पू हुआता; थोरल्या पुरुषाला 'पू' म्हणतात. हा माणूस तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम होता. रस्ता संपला, मुकादमी संपली, जीभ तेवढी राहिली.

"सियामीच्या आई," तो लेकीच्या नावानं हाक मारत म्हणाला, "आज खालून आलो. लियानीच्या घरी काय शिजत होतं, माहितेय?"

"मला नाही माहीत तर कुणाला माहीत? काय?"

"पेज. नुसतं पाणी, त्यात शितं पोहतायत. आणि तू सोमवारी जाऊन त्या घरातनं मूठ आणणार. समुद्रापलीकडच्याला भात, आणि आपल्या खालच्या घरातल्या लेकराला पेज! वा गं तुमची सेवा!"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? जेवा गप्प."

पण ताटातला भात तिनं तसाच झाकून ठेवला. खुमीची जीभ तिखट होती खरी, काळीज मात्र लोण्याचं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. लियानीला विचारावं, तर मूठ जमत नाही असं ती मेली तरी म्हणणार नाही. आणि डबा हलका बघून आपणच कशी मुठीची चेष्टा करत आलो! सकाळपर्यंत तिचं ठरलं. लियानीचं घर आता वगळायचं. कुणाला सांगायचं नाही, लियानीलाही नाही. चांगलं करावं ते गुपचूप करावं, असं लहानपणापासून ऐकत आलेली बाई ती.

सोमवारी ती वरून दारं घेत घेत खाली आली आणि लियानीच्या घराच्या अलीकडं वळून डुकरांच्या खोपटांमागच्या पायवाटेनं पुढं गेली. चिखल होता, घाण होती, पण मन हलकं होतं. केवढं तरी चांगलं काम केलं, असं तिला वाटलं. पुढच्या सोमवारीही ती तशीच गेली, आणि त्याच्या पुढच्याही.

लियानी चर्चमध्ये नेहमी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायची, ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली. सोमवार संध्याकाळच्या बायकांच्या सभेला येईनाशी झाली. खुमीनं ते पाहिलं आणि मनात म्हणाली, पोरीपायी लाजतेय बिचारी. एकदा झऱ्यावर दोघी बायका कुजबुजताना तिनं ऐकलं, "लियानीकडची मूठसुद्धा घेत नाहीत म्हणे आता." खुमीच्या ओठांवर आलं होतं, की अगं, तसं नाहीये ते. पण बोललं तर गुपचूप कसलं राहिलं? ती घडा उचलून घरी आली. जन्मभर जिचं तोंड बंद झालं नाही, ती नेमकी तिथं गप्प बसली!

असे आठ सोमवार गेले.

आठव्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ओसरीवर विक्री चालू होती. रेमी पिशवी घेऊन आली. खुमीनं माप भरलं आणि वर चांगला शिगोशीग ढीग केला.

"पी, वरचं काढा," रेमी म्हणाली.

"असू दे गं, लेकरू आहे घरात."

"आई परत पाठवेल. काढा."

"मोठी आली आईची शहाणी! घे म्हणते ना मी."

तेव्हा रेमीनं पिशवी खाली ठेवली. चारचौघी होत्या, तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "आमचा तांदूळ तुम्हाला चालत नाही, पी. मग तुमचा जास्तीचा आम्हाला कसा चालेल?"

"कुणाला चालत नाही?" खुमी म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

"आठ सोमवार तुम्ही डुकरांच्या वाटेनं जाता. आई खिडकीतनं बघते. पाप माझं असेल, पी. माझं नाव काढलंत, मी काही बोलले नाही. आईनं काय केलं होतं?"

बाजूच्या बाईच्या हाती माप देऊन खुमी उठली, आणि अनवाणीच पायऱ्या उतरत खाली निघाली. वाटेत दोघीतिघींनी विचारलं, काय झालं, कुठं निघालात. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. खुमीनं उत्तर दिलं नाही याचीच गावात दिवसभर चर्चा झाली.

लियानी चुलीपाशी बसून डाव्या हातानं काटक्या मोडत होती. नात शेजारी वाटीतली पेज पीत होती. खुमी दारातच धापा टाकत उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "अगं वेडे! अगं मी दया केली तुझ्यावर! तुला कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. तुझ्या घरात तांदूळ नाही म्हणून मीच आले नाही. मी! एकटीनं ठरवलं मी!"

लियानीनं हातातली काटकी बाजूला ठेवली. ती म्हणाली, "कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"वडीलधाऱ्यांनी नाही? पी झुआलीनं नाही?" पी झुआली म्हणजे बायकांच्या सभेची प्रमुख.

"कुणी नाही गं."

लियानीचे डोळे भरले. "आठ आठवडे," ती म्हणाली. "आठ आठवडे मी देवाला विचारत होते, की माझ्या हाताला काय लागलंय म्हणून माझे तांदूळ नकोत."

ती उठली, आणि फळीवरून एक डबा काढला. मग दुसरा, दूधपावडरचा जुना. दोन्ही तिनं खुमीपुढं ठेवून झाकणं काढली. काठोकाठ भरले होते. तांदूळ स्वच्छ होता, एक किडा नाही, एक खडा नाही.

"हे काय?" खुमीनं विचारलं.

"मूठ. काढायची कशी थांबवू? हातच थांबत नाही. नेणारं कुणी नव्हतं, तर दर शनिवारी उन्हात घालून, निवडून परत भरायचे."

खुमीनं डब्यांकडे पाहिलं, पोरीच्या वाटीकडे पाहिलं. वाटीच्या तळाशी चार शितं होती. "बाई गं," ती म्हणाली, "घरात एवढा तांदूळ असताना पोरीला पेज? शिजवायचा होतास! कोण विचारणार होतं तुला?"

"तो आमचा कुठं होता?" लियानीनं असं विचारलं की जणू खुमीलाच काही समजत नाही. "शेजाऱ्याची कोंबडी आपल्या अंगणात आली म्हणून काय कापून खायची?"

"पण पोट—"

"पी, खायला कमी असलं की मूठ लहान होते. बंद होत नाही. माझी आजी अडली होती, माझ्या आईच्या वेळी. तेव्हा समुद्रापलीकडनं आलेल्या एका बाईनं दोघींना वाचवलं. त्या बाईला कुणी पाठवलं? तिकडच्या कुणा बायकांनी, आपलं काही बाजूला काढून. त्यात एखादी माझ्यासारखी नसेलच का? तिच्या दारावरनं कुणी दया करून पुढं गेलं असतं, तर मी कुठं असते?" तिनं डोळे पुसले. मग तिला राग आला, आणि राग आल्यावर ती मूळची लियानी दिसायला लागली. "तुम्ही मला भात दिला असता, पाला दिला असता, मी घेतला असता. खांदा निखळला तेव्हा गावानं माझं पेरलेलं शेत निंदून दिलं, मी नको म्हणाले का? घ्यायला मला लाज नाही, पी. पण द्यायचं तुम्ही माझ्याकडनं काढून घेतलंत, आणि विचारलंसुद्धा नाहीत."

खुमी चुलीपाशी जमिनीवर बसली. सव्वीस वर्षं मूठ गोळा करणाऱ्या बाईला त्या दिवशी एक गोष्ट उमगली आणि तिची तिलाच लाज वाटली. तिच्या स्वतःच्या घरात मूठ काढल्यानं भात कधी कमी पडला नव्हता. एक दिवससुद्धा नाही. आणि ती लोकांच्या मुठी मोजत हिंडत होती.

"दे," ती शेवटी म्हणाली. "नेते मी."

"असे नाही," लियानी म्हणाली. "येत्या सोमवारी, सभेत सांगायचं. माझं नाव घेऊन. बायका माझ्याबद्दल काय बोलतात ते तुम्हीही ऐकलं असेल."

खुमीनं ऐकलं होतं. म्हणून तर तिला वर बघवेना.

सोमवारी सभेला लियानी आली. शेवटच्या बाकावर बसली, शेजारी डबे. पी झुआलीनं प्रार्थना केली, आणि खुमी उभी राहिली. तिनं बाकाची कड धरली. मग एकदम म्हणाली, "लियानीचं घर मीच सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तिच्याकडे नाही. तिच्याकडे होतं. आठ आठवड्यांचं आहे, ते बघा मागं. मी झऱ्यावर तुमच्या तोंडचं ऐकलं आणि गप्प बसले, तेही चुकलं. झालं."

बायका मागं वळून डब्यांकडे पाहत होत्या. कुणाला तरी हुंदका आला. आणि खुमीचं काय बिनसलं कोण जाणे, लाजेचा झाला राग, आणि ती कडाडली, "आता बघताय काय नुसत्या? बोला की! नाहीतर ही घ्या तुमची टोपली! द्या कुणालाही. मी नाही लायक!" असं म्हणून तिनं टोपली पुढं मधोमध आपटली.

पी झुआली शांत बाई. तिनं टोपलीकडे पाहिलं, खुमीकडे पाहिलं. समजूत घालील असं सगळ्यांना वाटलं, खरं सांगायचं तर खुमीलाही. पण झुआली म्हणाली, "बरं. कोण घेतं?"

"मी घेते," मागून आवाज आला.

"अगं, तुझा खांदा!" दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

"टोपली कपाळानं उचलतात," लियानी म्हणाली. ती पुढं आली, दोन्ही डबे टोपलीत रिते केले, आणि पट्टा कपाळाला लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी हुआता तांदळाची अर्धी गोणी खांद्यावर टाकून खाली लियानीकडे देऊन आला. लियानीनं ती घेतली, आणि वर त्याला चहा पाजला.

मग पुढचा सोमवार आला. खुमीचा तांदूळ इतकी वर्षं कुणी न्यायला आलंच नव्हतं. ती आपली मूठ निघतानाच टोपलीत ओतायची. आपल्याच दारात डबा घेऊन उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. जेवणं आटोपल्यापासून ती दारात होती. त्या आठवड्यात तिनं मूठ भरभरून काढली होती, इतकी की हुआतानं दोनदा भांडं खरवडलं आणि निमूट उठला.

लियानी हाळी देत नसे. तिचा आवाज एवढासा. त्यामुळे ती कुठवर आली ते कळायला मार्ग नव्हता. खुमी पायरीवर आली, परत आत गेली, परत आली. वरच्या घरी बोलणं ऐकू आलं. हसणं ऐकू आलं. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. तिथून एक वाट खुमीच्या दारावरून यायची आणि एक मागून, लाकडाच्या ढिगापलीकडून जायची. खुमीनं त्या मागच्या वाटेकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. लियानी तिकडून गेली तर? गेली तर कोण तिला बोलणार होतं? माझी मूठ तुला नकोशी झालीय का, असं खुमी तिला विचारायला जाऊ शकणार होती का? आठ वेळा ती बाई या जागी उभी होती, हे आता खुमीला कळलं, आणि ते लियानीनं कितीही रडून सांगितलं असतं तरी असं कळलं नसतं.

"पी खुमी."

लियानी पायरीखाली उभी होती, कपाळावर पट्टा, मान पुढं झुकलेली. "काय डोळे मिटून उभ्या आहात? मूठ आणा."

खुमीनं डबा पुढं केला. लियानीनं तो डाव्या हातात घेतला, वजन पाहिलं, आणि भुवया वर केल्या.

"ही मूठ आहे," ती गंभीरपणे म्हणाली, "का पू हुआताला उपाशी ठेवलंत?"

खुमी हसायला गेली, आणि हसू काही आलं नाही. दाराच्या चौकटीला डोकं टेकून ती रडायला लागली, मोठ्यानं, वरच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं. लियानी तिथंच उभी राहिली. रडणं थांबेपर्यंत तिनं रिकामा डबा परत दिला नाही, आणि दार सोडून पुढंही गेली नाही.